एकट्याने पाळलेलं सुतक

माझा थोरला काका बाळाराम याने मला फसवलं. आमच्याकडे असं वाक्य कुणी बोललं की ऐकणारा लगेच विचारतो, किती गुंठे? पालेगावात आता जिकडेतिकडे बिल्डिंगी उभ्या आहेत आणि घराघरात काका-पुतण्यांचे दावे चालू आहेत, त्यामुळे विचारणाऱ्याचं काही चुकत नाही. पण जमिनीतला माझा हिस्सा काकाने न मागता दिला, सातबाऱ्यावर माझं नाव स्वतः तहसिलीत खेपा घालून चढवलं, हे मी इथे आधीच लिहून टाकते. नंतर कुणी म्हणायला नको की बाई एकच बाजू सांगते. त्याने मला फसवलं ते माझ्या आईच्या बाबतीत. ती मरत होती, त्याला ते ठाऊक होतं, आणि त्याने मला मांडवात गायला बसवून ठेवलं. मी तेव्हा सतरा वर्षांची होते. आता माझ्या नातींची लग्नं व्हायला आली, दुकान मुलाच्या हाती गेलं, डॉक्टरांनी चिडायला मनाई केली आहे, तरी ही एक गोष्ट आठवली की मी चिडतेच.

आई धवलारीण होती. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात मुहूर्ताचा खांब रोवण्यापासून नवरी सासरी निघेपर्यंत प्रत्येक विधीला गाणं असतं, त्याला धवला म्हणतात, आणि तो गाणारी बाई ती धवलारीण. जुनी माणसं म्हणायची, भटजी उशिरा आला तरी चालेल, धवलारीण वेळेवर पाहिजे. माझे वडील मी रांगत होते तेव्हाच गेले. एरवी विधवा बाईला हळदीकुंकवाला कुणी बोलवत नसे, पण आईचं तसं नव्हतं. ती मांडवात बसली की गावातल्या सगळ्या सवाष्णी तिच्याभोवती बसायच्या आणि तिच्या शब्दावाचून एकही दाणा इकडचा तिकडे व्हायचा नाही. बाकीचे दिवस ती काकाच्या शेतात राबायची, सुकट निवडायची, भाकऱ्या थापायची. पण लग्नसराई आली की तिची मान ताठ व्हायची. लुगडं तेच, चेहरा मात्र वेगळा.

आमचं घर आणि काकाचं घर एकाच अंगणात होतं, मध्ये कूडसुद्धा नव्हता. सकाळी अंबरनाथच्या कारखान्यांचे भोंगे ऐकू यायचे, एकामागून एक, आणि आई ते ऐकून भाकरी कधी टाकायची आणि कधी उतरवायची ते ठरवायची. काका कारखान्यात होता, सकाळच्या पाळीला तो पहिल्या भोंग्याला घरातून निघायचा. काकी वालाचं बिरडं करायची ते मला आजही कुणाच्या हातचं तसं लागत नाही. काकाची कुसुम माझ्याहून एक वर्षाने मोठी. आम्ही एका ताटात जेवायचो आणि एकमेकींच्या वेण्या ओढायचो. संध्याकाळी आई मला समोर बसवून धवले शिकवायची. ते कुठे लिहिलेले नव्हते. एक ओळ ती म्हणायची, ती मी उचलायची, चुकलं की ती माझ्या गुडघ्यावर बोटाने टिचकी मारायची आणि पुन्हा पहिल्यापासून. दोन गोष्टी तिने मला बजावून ठेवल्या होत्या. धवला मध्ये तोडायचा नाही. आणि बसलेल्या धवलारणीने विधी पुरा झाल्याशिवाय उठायचं नाही. उठली तर नवरीच्या संसाराला तडा जातो. हे मी अशासाठी सांगते की पुढे जे झालं ते या नियमाच्या आधारानेच झालं. मला दोरखंडाने बांधायची कुणाला गरज पडली नाही.

कुसुमचं लग्न बदलापूरजवळच्या सोनिवलीत ठरलं आणि त्याच सुमारास आईला कावीळ झाली. आधी गावठी उपाय झाले. कुणी नाकात मुळीचा रस घातला, कुणी गळ्यात माळ बांधली, ती माळ लांब होत गेली की कावीळ उतरते म्हणायचे. माळ लांब झाली, आई पिवळी ती पिवळीच. मग काकानेच तिला गाडीत घालून उल्हासनगरच्या दवाखान्यात नेलं, ते श्रेय त्याचं. मी एक दिवसाआड भाकरी घेऊन जायची. ती भाकरी खायची नाही, पण मला समोर बसवून धवले म्हणून घ्यायची, दवाखान्यात, हळू आवाजात. शेजारच्या कॉटवर एक सिंधी बाई पडलेली असायची आणि तिच्या पायाशी तिची म्हातारी जाऊ बसलेली असायची. ती म्हातारी आमच्याकडे टक लावून बघायची. लग्नाला पाच दिवस राहिले तेव्हा आई मला म्हणाली, "आता तू येव नको. घरा काम हाय. माज्या जाग्यावर तू बस. मना सगलं येतं असं समजून घाई करू नको, सावकाश गा." मी उठले, तिच्या पायावरची चादर नीट केली आणि निघाले. पाया पडले नाही. रोजचं येणं-जाणं, त्यात पाया कशाला पडायचं, असं मला वाटलं.

हळदीच्या दिवशी सकाळी अंगणात वडे तळायला बायका बसल्या होत्या. तांदळाच्या पिठाचे वडे, मोठी कढई, तेलाचा वास थेट विहिरीपर्यंत. मी आंब्याचे टहाळे धुवत होते. तेवढ्यात दवाखान्यातला एक माणूस सायकलवरून आला. मी त्याला ओळखलं, तो वॉर्डात झाडू मारायचा. तो पेंढ्याच्या उडव्याजवळ काकाशी बोलला, सायकल वळवली आणि पाणीसुद्धा न पिता निघून गेला. काका तिथेच थोडा वेळ उभा राहिला. मग टोपी काढून झटकली आणि पुन्हा डोक्यावर ठेवली.

मी हात पुसत गेले. "कोन व्हता, काका?"

"दवाखान्यातला. औषध आनायला सांगून गेला. मी जावून येतो."

"मी येतंय तुज्यासंगं."

"तू कशाला येतंस? हलदीला धवला कोन गायील, तुजी काकी?"

वडे तळणाऱ्या बायका हसल्या. काकी झाऱ्यावरचा वडा निथळत म्हणाली, "मी गायली तं नवरा सोनिवलीसून परत पलंल. यमे, तू घसा सांबाल. आवशीचा नाव घालवू नको."

"आई बरी हाय ना?" मी विचारलं.

"बरी हाय," काका म्हणाला. "तुजा आवाज चांगला लागू दे, मंग बग कशी उठून बसंल." आणि तो सायकल काढून गेला.

माझ्याशी तो जन्मात एवढंच खोटं बोलला असेल. पण माणसाने एकच घाव घातला आणि तो मानेवर घातला तर त्याची मोजदाद कशी करायची, हे मला कुणी सांगावं.

दिवे लागायच्या वेळेला हळद सुरू झाली आणि मी आईच्या जागेवर बसले. पहिली ओळ फार खाली लागली. मग मी डोळे मिटले, गुडघ्यावर आईचं बोट आहे असं धरून चालले, आणि आवाज सुटला. बायकांनी गाणं उचललं. त्या रात्री मी चांगली गायले, हे मी कबूल करते, आणि तेच मला सगळ्यांत जास्त लागतं. काका मध्येच परत आला. त्याचे केस ओले होते आणि सकाळी नेसलेलं धोतर अंगावर नव्हतं. तो मांडवात शिरला नाही. मांडवाबाहेर उखळाशेजारी जमिनीवर बसला. कुसुमने हाक मारली, "बाबा, ये ना, हलद लाव." तो म्हणाला, "हात भाजलाय, तुजी आय लावंल." पंगतीला मटण होतं, त्याने फक्त भात मागून घेतला. झोपायला त्याने खाट घेतली नाही, चटई टाकली. हे सगळं मी पाहत होते. पुढे आयुष्यभर मी गिऱ्हाईक दुकानाच्या पायरीवर चढताना त्याच्या चपलेकडे बघून सांगत आले की हा घेणार की नुसता कापड चिवडणार. माझ्यासारख्या बाईला त्या संध्याकाळी ओल्या केसांचा अर्थ कळला नाही. विचारायची वेळ आली तेव्हा धवला चालू होता, आणि धवला तोडायचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. मी कुसुमला सोनिवलीच्या गाडीत बसवेपर्यंत गात होते. तिसऱ्या दिवशी सकाळी मांडवाचे खांब उपसायला माणसं आली तेव्हा काकाने मला विहिरीकडे बोलावलं.

"यमे, तुजी आयस गेली."

मला वाटलं आत्ता, रात्रीतून. मी विचारलं, "कवा?"

"हलदीच्या दिशी."

विहिरीमागे भेंडीचं उंच झाड होतं. त्याने फांदीकडे बोट दाखवलं. तिथे पांढऱ्या कापडाचं गाठोडं टांगलं होतं. अस्थी घरात आणत नाहीत, झाडाला टांगतात, हे मला माहीत होतं. मी दोन दिवस त्याच विहिरीवर पाणी भरत होते. त्या झाडाखालून किती वेळा गेले असेन, हातात कळशी, तोंडात धवला.

मी त्याच्या अंगावर धावून गेले. त्याचा सदरा फाडला. त्याने हात वर केला नाही, मागेही सरला नाही. खांब उपसणारी माणसं थांबून बघत राहिली. माझं ओरडणं संपल्यावर तो जे बोलला ते मी शब्दशः लिहिते, कारण त्यावर मी पुढची चाळीसहून जास्त वर्षं विचार केला आहे. तो म्हणाला, "हलद लागली नव्हती. सुतक आलं असतं तं लगीन मोडलं असतं. सोनिवलीवाले वरीसभर थांबनारे नव्हतं. पन सुतक कललं त्याला लागतं. मना कललं, मना लागलं. तुमाला कोनाला कललं नाय, तुमाला लागलं नाय. मी एकट्यानं पालला."

आमच्याकडे अशी समजूत होती, अजूनही आहे. मरणाची बातमी कानावर पडल्यापासून सुतक सुरू होतं. दूरगावी मेलेल्या माणसाचं सुतक पत्र आल्यावर धरतात. काकाने तीच समजूत घेतली आणि तिचा हिशेब असा बसवला की बातमी एका माणसाच्या कानात अडवून धरली की विटाळ एका माणसापुरता अडतो. म्हणून त्याने काकीलाही सांगितलं नाही. पालेगावातल्या कुणालाच सांगितलं नाही. कारखान्यातले दोन परगावचे सोबती घेतले, आईला अग्नी दिला, नदीत अंघोळ केली, आणि मांडवाबाहेर बसला. त्याच्या लेखी त्याने सगळ्यांचं ओझं स्वतः उचललं होतं. गावातही पुष्कळांना ते पटलं. म्हातारे म्हणाले, बाळारामने डोकं चालवलं. काकी मात्र महिनाभर त्याच्याशी बोलली नाही.

मलासुद्धा, खरं सांगायचं तर, बाराव्यापर्यंत ते थोडंथोडं पटायला लागलं होतं. राग होता, पण त्याच्या बोलण्यात कुठे पकडावं ते सापडत नव्हतं. आई गेलेलीच होती. मी मांडवातून उठून धावले असते तरी ती मला भेटली नसती, लग्न मात्र मोडलं असतं. असं मी स्वतःला समजावत होते.

बारावं झाल्यावर मला आठवलं की आईचं सामान दवाखान्यातून आलेलं नाही. एक लुगडं, पितळेचा तांब्या, फणी. काका म्हणाला, राहू दे. मी एकटी गेले. तिथल्या बाईने सांगितलं की शेजारच्या कॉटवरच्या सिंधी पेशंटची जाऊ ते घेऊन गेली, कॅम्पात, म्हणजे सिंधी निर्वासितांच्या वस्तीत, तिचं कटपीसचं दुकान आहे, मुलगी आली तर पाठवा म्हणून सांगून गेली आहे. मी विचारत विचारत गेले. बराकीच्या पुढच्या भागात दुकान होतं, दाराला दोन्ही बाजूंनी कापडाचे तुकडे टांगलेले. आत तीच म्हातारी गादीवर बसली होती. तिने मला बघितलं आणि हातातला कापड मोजायचा गज खाली ठेवला.

"आ गई तू. बैठ. पहले पानी पी."

तिने पाणी दिलं, पाण्यासोबत भाजलेला पापड दिला. सिंधी माणूस दारात आलेल्याला कोरडं पाणी देत नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पापड हातात धरून मी बसून राहिले. ती म्हणाली, "खा. मैं भी तभी बोलूँगी." मग मी खाल्ला. सगळे तिला अमां म्हणायचे, पुढे मीही म्हणू लागले.

अमां म्हणाली, "तेरी माँ ने उस दिन बहुत राह देखी तेरी."

"किस दिन?"

"जिस दिन गई. सुबह से बोल रही थी, मेरी लड़की को बुलाओ. मैंने ही झाड़ूवाले को भेजा, साइकिल पे. फिर वो आदमी आया, टोपीवाला. अकेला आया. मैंने पूछा, लड़की कहाँ है? बोला, काम में है."

मला पुढचं ऐकू येईना. मी तिला विचारलं, आदमी आला तेव्हा आई कशी होती.

"कशी म्हणजे? जागी होती," अमां म्हणाली. बाजारात बसून तिला मराठी येत होतं, पण मोडकंतोडकं. "बोलत होती. बार-बार पूछती थी, हल्दी झाली काय, हल्दी झाली काय. वो आदमी बोला, नहीं, शाम को. फिर मुझे बोली, बाल बना दो. मैंने उसके बाल बनाए. तेल डाला. दुपारी गेली."

तिने गादीखालून आईची फणी काढून माझ्या हातात दिली. फणीत केस अडकलेले होते. ती म्हणाली, "मैंने साफ नहीं किए. तेरे हैं."

मी तिथे किती वेळ बसले ते मला आठवत नाही. गिऱ्हाईकं आली, अमांने त्यांच्याशी घासाघीस केली, एका बाईला तर शिव्या देऊन परत पाठवलं, आणि मला कुणी उठ म्हटलं नाही. डोक्यात एकच गोष्ट सरळ होत गेली. निरोप मरणाचा नव्हता. निरोप बोलावण्याचा होता, आणि तो माझ्या नावाने आला होता. काकाने माझ्या नावाचा निरोप घेतला आणि माझ्या जागी स्वतः गेला. मग सुतकाचा तो सगळा व्यवहार, एकट्याने पाळलेलं ते सगळं, त्याने नंतर वरून पांघरलं.

मी चालत पालेगावला आले. काका अंगणात कोयत्याला धार लावत होता. मी शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "तू गेलास तवा ती जिती व्हती क नाय?"

त्याने धार लावायची थांबवली.

"बोल ना. ती मना बोलवत व्हती क नाय?"

त्याने कोयता खाली ठेवला. मग म्हणाला, "जेव आधी."

मी त्या घरात जेवले नाही. फणी आणि दोन लुगडी घेऊन पुन्हा कॅम्पात गेले आणि अमांच्या दुकानात राहिले. तिने माझी जात विचारली नाही, किती दिवस राहणार ते विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने गज माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "रोना है तो रो, लेकिन कपड़ा टेढ़ा मत काटना."

मी जो धंदा शिकले तो तिथेच. भाव सांगून झाला की गप्प बसायचं, आधी बोलेल तो खाली येतो. गिऱ्हाईक पाठ फिरवून पायरी उतरलं तरी तिसऱ्या पायरीपर्यंत हाक मारायची नाही. माझा राग मी या धंद्यात घातला. लोक म्हणायचे, अमांने वाघीण पाळली आहे. पण दुपारी बाजार सुस्तावला की अमां कढी-भात वाढायची आणि बोलायची. तिची आई सिंधमध्येच राहिली होती. फाळणीत सगळे निघाले तेव्हा म्हातारी म्हणाली, मी नाही येत, म्हशींना कोण बघेल, आणि ती ओट्यावर बसून राहिली. अमांला पुढे तिची काहीही खबर मिळाली नाही, कधी गेली, कशी गेली, कुणी पाणी पाजलं का. एकदा मी तिला विचारलं, तुम्ही दवाखान्यात माझ्या आईचे केस का विंचरले? ती भात कालवत म्हणाली, "उसने बोला, मैंने किया. मेरी वाली को भी किसी ने किया होगा." मग तिने मला लोणचं सरकवलं. त्या दिवसानंतर मला झोप लागायला लागली. कुणी त्याला दुसरं नाव देईल, मला एवढंच माहीत आहे की झोप लागायला लागली.

गाणं मात्र मी बंद केलं होतं. पालेगाव, सोनिवली, कुठूनकुठून बोलावणी यायची, चांगुणा धवलारणीची मुलगी म्हणून, मी सगळ्यांना परत पाठवायची. कुसुमच्या घरीही मी बरीच वर्षं पाऊल ठेवलं नाही. ती दर जूनमध्ये बदलापूरची जांभळं घेऊन दुकानात यायची, पाटी खाली ठेवायची, ब्लाऊजपीस बघायची आणि मी सांगेन त्या भावाने घेऊन जायची. मी तिला मुद्दाम चढा भाव सांगायची. असं बरीच वर्षं चाललं. मग एका वर्षी तिने कापड हातात धरूनच म्हटलं, "यमू, माज्या लग्नाचा धवला तू गायलीस. माजा संसार चांगला झाला. तो चांगला झाला याचाच मना तरास होतो. मी कुनाला सांगू?" मी तिच्या हातातला तुकडा घेतला, घडी केली आणि त्या दिवशी तिला भाव सांगितला नाही. आम्ही दोघींनी पाटीतली जांभळं खाल्ली. तोंडं जांभळी झाली तशाच बसलो.

त्यानंतरच्या लग्नसराईत अंबरनाथच्या एका घराने मला बोलावून घेतलं. नवरीची आजी दवाखान्यात होती आणि हळद दोन दिवसांवर होती. मी म्हटलं, गाईन, पण अट आहे. आधी नवरीला आजीकडे घेऊन जा, मी सोबत येते, आणि आजी काय सांगेल ते होईल. नवरीचा बाप म्हणाला, बाई, शुभकार्यात दवाखाना कशाला. मी पर्स उचलली आणि पायरी उतरायला लागले. दुसऱ्या पायरीवर त्याने हाक मारली. आम्ही गेलो. आजीने नातीचा हात धरला, तिला शेजारी बसवलं, आणि थोड्या वेळाने म्हणाली, आता जा, उशीर होईल. ती बाई लग्नानंतर सहा महिने जगली. ते माझं कर्तृत्व नाही, आणि ती दुसऱ्या दिवशी गेली असती तरी मी अट सोडली नसती. तेव्हापासून मी मांडवात बसायच्या आधी मोठ्याने विचारते, घरातलं कोण आजारी आहे, कोणाला कळवायचं राहिलंय, कोणाचा निरोप आलाय. उत्तर मिळाल्याशिवाय पहिली ओळ लावत नाही. लोकांना आता वाटतं की हा जुना रिवाज आहे. वाटू दे.

हे सगळं लिहून झाल्यावर वाचणाऱ्याला वाटेल की बाईचं दुःख निवळलं. निवळलं, पुष्कळ निवळलं. आईचा चेहरा आठवला की आता मला तेल लावलेले केस दिसतात, विहिरीमागचं झाड दिसत नाही. तिने मला बोलावून घेतलं असतं आणि मग स्वतःच म्हटलं असतं, जा, हळदीला बस, असंही होऊ शकतं. ती तशीच होती. मला वाटतं तिने तेच केलं असतं. मी तिच्या पाया पडून उठले असते आणि कदाचित तितकंच चांगलं गायले असते. पण ते तिने ठरवायचं होतं, किंवा मी. दोघींतला सौदा होता, आणि तिसऱ्याच माणसाने दोघींना न विचारता तो उरकून टाकला. सबंध आयुष्य मी बाजारात काढलं, असा सौदा मी कुणाला करू दिला नाही.

काका जिवंत आहे. नव्वदी ओलांडली आहे. आमच्या जुन्या भातशेतीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या बिल्डिंगीत सातव्या मजल्यावर राहतो. ऐकू चांगलं येतं, डोकं शाबूत आहे, नातू मोबाईलवर कीर्तन लावून देतो ते ऐकतो. मी दर महिन्याला जाते, त्याला मऊ भात आवडतो तो करून नेते, त्याची नखं कापते. माझ्या मुलीच्या लग्नात त्याला मी मांडवात मानाने बसवलं. त्याचं वाईट व्हावं असं मला आता वाटत नाही. हे मी शपथेवर लिहिते. पण गेल्या महिन्यात मी त्याला पुन्हा विचारलं, ती तुला काय म्हणाली? तू एकटा आलेला बघून तिने काय विचारलं? त्याने डोळे मिटून घेतले आणि म्हणाला, भात खा.

हे प्रकरण कुसुम त्याला वाचून दाखवणार आहे, तसं आमचं ठरलं आहे. म्हणून शेवटचं तुलाच लिहिते, काका. सुतक मरणाचं असतं. ती सकाळी जिवंत होती, दुपारपर्यंत जिवंत होती, दवाखान्यातून पालेगाव सायकलवर कितीसं लांब होतं, आणि माझ्या नावाने निरोप आला होता. जिवंत माणसाचं कुठलं सुतक तू पाळलंस? माझ्या आईने तुला माझ्याबद्दल काय विचारलं आणि तू तिला काय सांगितलंस, ते शब्द फक्त तुझ्याकडे आहेत. ते माझे आहेत. जायच्या आधी दे.